काळ्या मातीचा थर

डिंडोलीच्या त्या रस्त्याला उतार होता, आणि उताराच्या तळाशी चिंधा राहत होता ती चाळ होती. वर दोन्ही बाजूंनी सोसायट्या झाल्या, अंगणांत ब्लॉक बसले, रस्ता डांबराने उंच झाला, आणि चाळ आपली होती तिथेच राहिली. दर पावसाळ्यात रस्त्याचं पाणी वळून चाळीच्या बारा खोल्यांत शिरायचं. बायका गाद्या खाटेवर, खाट विटांवर आणि पोरं खाटेवर चढवून बसायच्या. सगळं खानदेशातून इकडे गुजरातेत आलेलं गाव. गावाकडे पाण्यासाठी आभाळाकडे बघायचे आणि इथे पाण्याला शिव्या घालायचे.

यंदा वैशाखात रस्त्याच्या कडेने खड्डे खणायचं काम निघालं. एकूण नऊ खड्डे, प्रत्येक एखाद्या खोलीएवढा लांब आणि दीड पुरुष खोल. त्यात झाडं लावायची आणि रस्त्याचं पाणी त्यात सोडून जमिनीत जिरवायचं. मुकादम वाल्मिक चाळीतलाच, म्हणून चाळीतल्या आठदहा जणांना काम लागलं. चिंधाही गेला. चोवीस वर्षं कापडाच्या लूमवर उभा राहून त्याचा उजवा कान गेला होता, आणि लूमचा कारखाना बंद पडल्यापासून दोन वर्षं तो घरीच होता. बायको सुंदरा साड्यांना लेस लावायची आणि तो तिला गठ्ठे आणून द्यायचा. बायकोच्या कामावर पाणक्या असल्यासारखं त्याला वाटायचं, आणि ते तो कुणाला बोलून दाखवायचा नाही.

फावडं हातात आलं तशी त्याची चाल बदलली. पंचावन्नाव्या वर्षी तो टिकाव असा घालायचा की तरण्या पोरांनी थांबून बघावं. काम जोडीजोडीने वाटलं होतं. चिंधा आणि सुंदराच्या वाट्याला नऊ नंबरचा खड्डा आला. सगळ्यांत खालचा, अगदी चाळीच्या तोंडाशी. वरचे आठ खड्डे भरून जे पाणी उरेल ते सगळं इथे येणार होतं.

कामावरची इंजिनियर हर्षदा नावाची पंचविशीतली मुलगी होती. तिचे आईबाप अमळनेरकडचे, पण ती शिकली गुजरातीत. मजुरांशी ती आपलं मराठी, गुजराती आणि हिंदी एकत्र कालवून बोलायची. डोक्यावर पिवळी टोपी, पायात बूट आणि हातात मोबाइल.

"काका, ही काळी माती सगळी बाहेर," तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. "हिच्यातून पाणी उतरतच नाही. खाली रेती लागेपर्यंत आपण बोअर मारला आहे, त्यात भोकांचा पाइप आहे. त्याच्यावर मोठी खडी, मग बारीक खडी, मग रेती, आणि वर रेती मिसळलेली माती. पाणी आलं की सडसडाट खाली गेलं पाहिजे."

चिंधाने खड्ड्यातूनच वर पाहिलं. "आन् झाडं काय पितीन?"

"जेवढं लागतं तेवढं मुळं ओढून घेतात, काका."

"रेतीमा? ह्या वैशाखमा?" चिंधा हसला. "बाई, आठ दिवसमा काड्या व्हई जातीन."

"तुम्ही फक्त सांगितलं तसं करा ना," ती म्हणाली आणि तिचा फोन वाजला. ती रागावून बोलली नव्हती. पण बाजूच्या खड्ड्यातली पोरं दात काढत होती, आणि चिंधाच्या कानशिलात गरम झालं. लूमवर शेठने काहीही ऐकवलं तरी त्याला कधी लागलं नव्हतं, कारण सुताचं त्याला फारसं कळत नव्हतं. मातीतलं त्याला कळत होतं. पोरवयात दुष्काळी कामावर त्याने शिंदखेड्याकडे तीन बांध घातले होते. बांधाच्या पोटात काळ्या मातीचा गाभा भरायचा असतो, वीतभर थर टाकायचा, पाणी शिंपडायचं, धुम्मसने ठोकायचं, मग पुढचा थर. चिंधाने ठोकलेल्या गाभ्यातून थेंब पाझरत नाही, असं तेव्हाचा मेस्त्री चारचौघांत म्हणायचा.

त्यात वाल्मिकने आणखी एक काडी घातली. दुपारी भाकरी खाताना तो म्हणाला, "गया सालना खड्डा देखात ना त्या पुलजोगे? समदी झाडं वाळी गयात. साहेब यंदा म्हने, ज्यानी झाडं जगाडी त्याले माळी म्हनीसन कायम ठी लेसू."

कायम हा शब्द चिंधाच्या चांगल्या कानावर पडला. सुंदराने त्याच्याकडे पाहिलं. तिच्याही मनात तेच आलं होतं.

चार दिवसांनी हर्षदाला कतारगामच्या कामावर जावं लागलं. नवव्या खड्ड्यात खडी पडली होती आणि रेती यायची होती. बाकीचे लिंबाखाली लवंडले होते. चिंधा उठला, काढलेल्या काळ्या मातीच्या ढिगाशी गेला आणि घमेलं भरू लागला.

"काय कराले लागनात?" सुंदराने विचारलं.

"एक थर टाकी देस खडीवर. पानी धरी ठेवी. मुळ्यासले थंड ऱ्हाई."

"बाईनी नही सांगेल शे ना? तिले ईचारी तं ल्या एकदाव."

"तिनी पुस्तकमा माती देखेल शे," चिंधा म्हणाला. "तू घमेलं उचल."

सुंदराने उचललं. दोघांनी मिळून चाळीस घमेली टाकली. चिंधाने ढेकळं फोडली, पाणी शिंपडलं, माती लोण्यासारखी होईपर्यंत पायाने तुडवली आणि मग धुम्मस घेतली. धप्, धप्, धप्. प्रत्येक ठोक्याला खांद्यातून कमरेपर्यंत जुनी ओळखीची कळ उतरत होती आणि ती त्याला गोड लागत होती. कडा त्याने हाताच्या तळव्याने दाबून घेतल्या, कोपऱ्यांत अंगठ्याने माती सारली. काम संपलं तेव्हा तो थर गुळगुळीत काळा चमकत होता. इतकं देखणं काम त्याच्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं, आणि त्याला ते लगेच रेतीखाली झाकावं लागलं.

झाडं लावली. कर्दळ, वाळा आणि कडेने पिवळ्या फुलांची काही रोपं. ज्येष्ठाच्या उन्हात वरच्या खड्ड्यांतली रोपं पिवळी पडली, माना टाकून बसली. मजूर रोज डबड्याने पाणी घालून ती कशीबशी जगवत होते. नऊ नंबरची कर्दळ मात्र हात हात वाढली. येणारेजाणारे थांबून बघायचे. हर्षदाने फोटो काढला.

"काका, तुमचा हात लागला की काय होतं हो? बाकीच्यांना पण शिकवा ना."

तेव्हा सांगता आलं असतं. चिंधाने तोंड उघडलंही होतं. पण वाल्मिक शेजारीच उभा होता आणि म्हणाला, "चिंधा नाना आमना माळीच शेतस, म्याडम. साहेबले सांगी द्या." चिंधाची छाती टोपलीएवढी झाली, आणि तोंड मिटलं.

मृगाच्या सरी आल्या. वरच्या खड्ड्यांत पाणी यायचं, गुडगुड करायचं आणि तासाभरात गायब व्हायचं. पोरं मजा बघायला उभी राहायची. नऊ नंबरमध्ये आलेलं पाणी तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी होतं, तिसऱ्या दिवशीही होतं, आणि त्यात डासांची पिल्लं वळवळू लागली. चिंधाला काय झालंय ते पहिल्याच दिवशी कळलं. न कळायला तो काही अडाणी नव्हता. आपलाच ठोका आपण ओळखणार नाही तर कोण?

तो पहाटे उठून बादलीने खड्डा उपसू लागला. रस्त्याच्या पलीकडच्या गटारीत पाणी ओतायचं, पुन्हा यायचं, पुन्हा भरायची. हर्षदाची स्कूटर येईपर्यंत खड्डा वरून कोरडा दिसला पाहिजे. साठ साठ बादल्या व्हायच्या. कंबर धरायची. एकदा दूधवाल्याने विचारलं तर म्हणाला, झाडांना जास्तीचं पाणी सोसत नाही.

"सांगी टाका ना हो," सुंदरा म्हणायची. "एक दिवसनं खोदकाम. रागे भरी तं भरी."

"श्रावणमा कायमनं व्हनार शे. मंग काढी लेसू आपून गुपचूप."

एक दिवस हर्षदाने सरळच विचारलं, "काका, नऊ नंबरमध्ये पाणी उतरतंय ना बराबर?"

चिंधाने उजवा कान तिच्याकडे केला. त्या कानाने त्याला काही ऐकू येत नाही हे तिला माहीत होतं. ती फिरून डाव्या बाजूला आली आणि पुन्हा विचारलं.

"उतरस ना," चिंधा म्हणाला. "चांगलं उतरस."

तिने मोबाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि ती गेली. बादली लिंबामागे उपडी घातलेली होती. चिंधाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशची देवी कानबाई बसायची होती. या भाऊबंदांची कानबाई चिंधाचा चुलतभाऊ शालिग्राम याच्या घरची, चार नंबरच्या खोलीतली. पण पाण्याच्या भीतीने गेली सहा वर्षं ती उधन्यात एका पुतण्याच्या तिसऱ्या मजल्यावर बसत होती. आपल्या घरची देवी दुसऱ्याच्या घरी बसते याचं शालिग्रामच्या बायकोला, शोभाबाईला, भारी वाईट वाटायचं. आठवडाभर आधी ती चिंधाच्या दारात आली.

"चिंधा भाऊ, तुम्ही तं त्या कामवर शेतस. खरं सांगा. यंदा पानी येई का घरमा?"

सुंदरा आत लेस लावत होती. तिचा हात थांबला. चिंधाला ते दिसलं.

"येवाव नही, वहिनी," तो म्हणाला. "मन्हा हातनं काम शे ते."

"मंग यंदा आठेच, आपलाच घरमा बसाडसूत कानबाई!" शोभाबाईचे डोळे भरून आले. ती गेल्यावर सुंदरा उठून मोरीवर गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

कानबाईच्या आदल्या आठवड्यात मोठा पाऊस नव्हता. शनिवारी चिंधाने खड्डा पार तळापर्यंत उपसून ठेवला. मनात म्हणाला, एक दिवस निभावून ने माय, सोमवारी सगळं खणून काढतो. देवीशी बोलतानाही तो तिच्याकडे मुदत मागत होता.

रविवारी दुपारी तीनला आभाळ फुटलं. चार नंबरच्या खोलीत चौरंगावर कानबाई बसली होती, नारळाला नथ, डोळे, अंगावर दागिने, वर केळीचे खांब. पंचवीसतीस माणूस त्या दहा बाय बाराच्या खोलीत आणि ओट्यावर. बायका गाणी म्हणत होत्या. कोपऱ्यात जमिनीवर नैवेद्याच्या रोटांच्या पिठाचा डबा आणि परात. चिंधा दाराशी उभा राहून रस्त्याकडे बघत होता. वरचे आठही खड्डे पाणी पीत होते, त्याला तेवढ्या अंतरावरूनही ते दिसत होतं. नववा अर्ध्या तासात तुडुंब भरला. मग पाण्याने कडेच्या दगडावरून एक जीभ बाहेर काढली, चाळीच्या बोळात वळली, आणि ओट्याची एकच पायरी तिला ओलांडायची राहिली.

"पानी उनं!" कुणीतरी ओरडलं.

गाणं तुटलं. शालिग्रामने आणि दोघा पुतण्यांनी चौरंग उचलून डोक्यापर्यंत धरला. शोभाबाई चौरंगाखाली हात जोडून उभी राहिली, "माफ कर माय, माफ कर," आणि पाणी तिच्या घोट्यांवरून पिंढऱ्यांपर्यंत गेलं. पिठाचा डबा कलंडून तरंगू लागला. सुंदराने धावत जाऊन तो धरला, पण खालचं पीठ भिजलं होतं. मंगल दिवशी देवी माणसांच्या डोक्यावर उभी, बायका गढूळ पाण्यात, आणि चिंधा दाराच्या चौकटीला धरून. त्याला वाटलं, जमीन दुभंगावी. पण जमीन कशी दुभंगेल? ती त्यानेच ठोकून घट्ट केली होती.

पाऊस उणावताना हर्षदा स्कूटरवरून आली. रेनकोट, बूट, पोटऱ्यांपर्यंत पाणी. शालिग्रामने तिला रस्त्यातच गाठलं.

"ह्या तुन्हा खड्डा! झाडं लावनी हौस! मन्ही देवी पान्यामा उभी ऱ्हायनी! आईबापनी हाई शिकाडं का तुले?"

"काका, बाकीचे आठ चालले... हाच का नाही चालला, मी बघते..." चाळीतले चारपाच जण मोबाइलवर तिचं चित्रण करत होते. तिने रेनकोटची टोपी पुढे ओढली. चिंधा तिच्यापासून सात पावलांवर उभा होता. बोलायला तोंड होतं, चालायला पाय होते, आणि तो तसाच उभा राहिला. रात्री त्याने जेवण केलं नाही. सुंदराने आग्रहही केला नाही. ती शोभाबाईकडे वरवरचं कोरडं पीठ चाळायला गेली होती.

सोमवारी सकाळी कानबाई विसर्जनाला निघायच्या आधीच मोठे साहेब गाडी घेऊन आले. त्यांनी मोबाइलवरचं चित्रण पाहिलेलं होतं. नवव्या खड्ड्यात अजून छातीभर पाणी होतं आणि त्यात कर्दळ लाल फुलं वर काढून उभी होती.

"हर्षदाबेन, आ शुं छे?" साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. "तळाव बनाववा मोकल्यां'तां तमने?"

तळं करायला पाठवलं होतं का, या प्रश्नावर हर्षदा खाली मान घालून उभी होती. रात्रभर झोपली नसावी. "सर, मी रोज बघितलं होतं... उतरत होतं... नोंद आहे माझ्याकडे."

"नोंध!" साहेबांनी हात झटकला आणि वाल्मिककडे वळले. "नवे नव खाडा पूरी नाखो. उपर ब्लॉक पाथरी दो. बस, पती गयुं." आणि तिला म्हणाले, "तमे काले ऑफिसे आवो."

नऊच्या नऊ बुजवायचे. आठ चांगले चाललेले सुद्धा. ते ऐकून शालिग्रामसकट चाळीतले सगळे माना हलवत होते. त्यांना काय ठाऊक, की पुढच्या पावसात आठ खड्ड्यांचं पाणीही त्यांच्याच खोल्यांत येणार होतं. चिंधाला ठाऊक होतं. त्याला वाटलं, आता कुणीतरी बोलावं. मग त्याने सुंदराकडे पाहिलं. ती शोभाबाईच्या ओट्यावर उभी होती आणि सरळ त्याच्याकडे बघत होती. ती बोलणार नव्हती.

चिंधा गेला आणि लिंबाखालची पहार उचलून आणली. धोतर खोचलं आणि पाण्यात उतरला.

"ए, शुं करे छे?" साहेब ओरडले.

"साब, बाई का कसूर नहीं," चिंधा म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "मैंने किया. नीचे मैंने काली मिट्टी ठोकी है. बाई ने ना बोला था."

मग त्याने पहार मारली. पाण्यात पहार जोराने बसत नाही. कर्दळीचे गड्डे आड येत होते. ते त्याने मुळासकट उपटले आणि कडेला फेकले. तो बुडी मारून हाताने रेती उकरायचा, वर यायचा, धापा टाकायचा, पुन्हा पहार. थर हटत नव्हता. त्याने जीव ओतून ठोकला होता ना! चाळ बघत होती, साहेब बघत होते, वाल्मिक तोंडावर हात ठेवून बघत होता. नखं तुटली. कुणी मदतीला उतरलं नाही, आणि उतरू नये असंच त्याला वाटत होतं. अर्ध्या तासाने खालून बुडबुडे आले. पाण्यात भोवरा पडला, आणि पाणी गुडगुडत त्याच्या छातीवरून कमरेवर, कमरेवरून गुडघ्यांवर उतरलं. त्याच्या हातात काळ्या मातीचा पाटीएवढा तुकडा होता, वरून अजूनही गुळगुळीत. तो त्याने कडेवर ठेवला.

साहेबांनी तुकड्याकडे पाहिलं, मग चिंधाकडे. "काढी मूको आने," ते वाल्मिकला म्हणाले. "आजथी." चिंधाचं काम गेलं. बाकीच्या खड्ड्यांचं ते काही बोलले नाहीत. ब्लॉकांचंही बोलले नाहीत. गाडी निघून गेली.

हर्षदा कडेला उकिडवी बसली. तिने त्या तुकड्याला बोट लावून पाहिलं.

"काका," ती हळूच म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं. दोनदा विचारलं. तेव्हा का नाही सांगितलं?"

तो खड्ड्यात, ती वर. चिखल त्याच्या भुवयांवरून डोळ्यांत येत होता.

"लाज वाटनी, बाई," चिंधा म्हणाला.

"आणि काल? काल ते मला सगळ्यांसमोर बोलत होते तेव्हा?"

चिंधा तुटलेल्या नखांतली काळी माती काढू लागला. ती उठली, तिने टोपी डोक्यावर नीट केली आणि आठ नंबरच्या खड्ड्याकडे निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कानबाई वाजतगाजत तापीवर गेली. चिंधा गेला नाही. तो मोरीत बसून अंगावरचा चिखल धूत राहिला, आणि मंडळी परत आली तेव्हा दार लोटून आत बसला. शेजारी रोटांसाठी पंगत मांडल्याचे आवाज येत होते. रोट फक्त भाऊबंदांनी खायचा, कणही वाया घालवायचा नाही. आपल्याला कुणी बोलवू नये, अशी त्याची इच्छा होती.

दार शोभाबाईने उघडलं. हातात ताटली, ताटलीत रोटाचा तुकडा. तिच्या लुगड्याच्या काठाला अजून कालचा गाळ होता. मागे शालिग्राम उभा होता, दुसरीकडे तोंड करून.

"ल्या, भाऊ."

"माले नको, वहिनी. माले खावाना हक नही."

"हकनं काय काढतस?" शोभाबाई म्हणाली. तिच्या आवाजात माया नव्हती आणि रागही नव्हता. "घरमधला दर गडीना नावनी सवा मूठ गहू लेतस. त्यामा तुम्हना नावनी बी लियेल शे. ती मूठ दुसरा कोन खाई? खावा."

ती हलेना. सुंदराही त्याच्यासमोर येऊन बसली. चिंधाने हात पुसले, रोट कपाळाला लावला आणि घास घेतला. सुंदराने दोनदा चाळूनही पिठात गाळ राहिला होता. दाताखाली तो कचकच वाजला, चांगल्या कानात मोठ्याने. रोटाचा घास थुंकता येत नाही. शोभाबाई ताटली रिकामी होण्याची वाट बघत दारात उभी होती, आणि चिंधा खाली मान घालून एकेक घास चावून गिळत राहिला.